सर्दी-फ्लू झाल्यावर शरीराच्या आत नेमकं काय घडतं? हळद, संत्री, सुई आणि ‘इम्युनिटी’चं खरं गणित

दिवाळी सरली की वर्धा जिल्ह्यात तीन गोष्टी जवळपास एकदमच सुरू होतात. शेतात कापसाची वेचणी, आर्वी-आष्टी-कारंजा पट्ट्यात संत्र्याची तोड आणि घराघरात पडसं. सकाळी गारवा, दुपारी ऊन, घरात एकाला शिंका सुरू झाल्या की चार दिवसांत सगळे नाक पुसत बसलेले.

आणि मग सुरू होतात सल्ले. आजी म्हणते, संत्री खाऊ नको, सर्दी वाढेल. फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज म्हणतो, रोज दोन संत्री खा, इम्युनिटी वाढेल. कुणी हळदीचं दूध देतं, कुणी म्हणतं एक सुई टोचून ये, उद्या ठणठणीत होशील.

योगायोग असा, की ‘इम्युनिटी’च्या मेसेजमध्ये हमखास येणारे हे दोन्ही पदार्थ याच जिल्ह्यात पिकतात. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय टॅगही मिळाला. मग प्रश्न पडतो, हळद आणि संत्री दोन्ही घरची असताना दर वर्षी सर्दी होतेच कशी?

उत्तरासाठी आधी शरीर काय करतं ते पाहावं लागेल.

सर्दी वेगळी, फ्लू वेगळा

बोलताना आपण दोन्हीला ‘सर्दी-ताप’ म्हणून मोकळे होतो, पण हे दोन वेगळे आजार आहेत. साधी सर्दी अनेक विषाणूंमुळे होते. त्यातला सगळ्यात मोठा गट ऱ्हायनोव्हायरसचा. त्याचे दीडशेहून जास्त प्रकार माहीत आहेत. फ्लू मात्र इन्फ्लुएंझा या एकाच कुळातल्या विषाणूंमुळे होतो आणि माणसांत साथ पसरवणारे त्याचे मुख्य गट दोन, ए आणि बी.

फरक बराचसा लक्षणांतूनही कळतो. सर्दी हळूहळू येते. आधी घसा खवखवतो, मग नाक गळायला लागतं, मग खोकला. ताप आलाच तर थोडी कणकण. फ्लू अचानक गाठतो. सकाळी शेतात गेलेला माणूस दुपारी फणफणून घरी येतो, अंग मोडून येतं, डोकं ठणकतं, उठवत नाही. अर्थात हा नियम पक्का नाही. सौम्य फ्लू सर्दीसारखाही दिसतो आणि खात्री फक्त चाचणीनेच होते.

पहिली लढाई नाकातच

विषाणू नाकात शिरला म्हणजे लगेच आजार होतो असं नाही. आत आधी चिकट द्रवाचा थर लागतो. आपण त्याला शेंबूड म्हणून नाकं मुरडतो, पण धूळ आणि जंतू अडकवण्याचं काम तोच करतो. त्याच्याखाली पेशींवर अतिसूक्ष्म केस असतात. ते एका लयीत हलत राहतात आणि अडकलेला कचरा घशाकडे ढकलतात. तो आपण नकळत गिळतो आणि पोटातलं आम्ल त्याचा निकाल लावतं.

विडी-सिगारेटचा आणि चुलीचा धूर या केसांचं काम मंदावतो. जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांच्या श्वासावाटे जाणारी कापसाची बारीक धूळही श्वसनमार्गाला त्रास देते. त्यामुळे ‘माझी इम्युनिटी कमी आहे’ असं कुणी म्हणत असेल, तर कधी कधी घरातल्या धुराकडेही बघायला हवं.

हा पहारा चुकवून विषाणू पेशीत शिरला, की ती पेशी त्याच्या प्रती छापण्याचा कारखाना बनते. पण ती गप्प बसत नाही. आत परकं काहीतरी आहे हे ओळखणारे सेन्सर प्रत्येक पेशीत असतात. ते जागे झाले की पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं बाहेर सोडते. १९५७ मध्ये त्यांचा शोध लागला. इंटरफेरॉन म्हणजे शेजाऱ्यांना दिलेली हाळी. ‘माझ्या घरात चोर शिरलाय, तुम्ही दारं लावून घ्या.’ शेजारच्या पेशी ती ऐकून स्वतःचं प्रथिनं बनवण्याचं काम मंदावतात, म्हणजे विषाणू आत आलाच तरी त्याला छपाईचं यंत्र मिळत नाही.

बऱ्याच वेळा लढाई इथेच संपते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्यांपैकी एक आजारी पडतो आणि दुसरा नाही, याचं एक कारण या पहिल्या काही तासांत दडलेलं असतं.

‘कान झाक, थंडी लागेल’ यात तथ्य आहे का?

अर्धं आहे. थंडीतून विषाणू तयार होत नाही. विषाणू नसेल तर कुडकुडून सर्दी होत नाही. ब्रिटनमध्ये सॅलिसबरी इथे १९४६ पासून चार दशकांहून अधिक काळ फक्त सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. तिथे स्वयंसेवकांना मुद्दाम ओल्या कपड्यांत गारठ्यात उभं करण्याचेही प्रयोग झाले. नुसत्या गारठ्यानं सर्दी झाली नाही.

पण आजीच्या बाजूनेही एक पुरावा आहे. नाकाच्या आतलं तापमान शरीरापेक्षा कमी, साधारण ३३ अंश असतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांच्या श्वसनमार्गातल्या पेशींवर प्रयोग करून दाखवलं, की ३७ अंशांपेक्षा ३३ अंशांना त्या पेशींची इंटरफेरॉनची हाळी क्षीण होते आणि ऱ्हायनोव्हायरसचं फावतं. म्हणजे मफलरनं विषाणू अडत नसला, तरी नाक-तोंड उबदार ठेवण्यात वेडेपणा नाही.

फ्लूचं मात्र आपल्याकडे थंडीशी पूर्ण जमत नाही. युरोप-अमेरिकेत तो हिवाळ्याचा आजार आहे. भारतात त्याची वर्षात दोन वेळा गर्दी होते. एकदा जानेवारी ते मार्च आणि दुसऱ्यांदा पावसाळ्यात. महाराष्ट्रात पावसाळ्यातली लाट ठळक असते. लोक दारं-खिडक्या लावून एकत्र बसतात, हवा दमट असते, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. तेव्हा आलेल्या तापाला आपण ‘पावसात भिजल्याचा ताप’ म्हणून सोडून देतो.

ताप विषाणू आणत नाही, तुमचं शरीर आणतं

हा भाग बहुतेकांना धक्का देणारा असतो. गळणारं नाक, दुखणारं अंग, ताप, शिंका यातलं बरंचसं विषाणूनं केलेलं नुकसान नसून शरीरानं केलेली कारवाई असते.

हाळी ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी जागेवर धावतात. त्यांना वाट मिळावी म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि सैल होतात. नाक चोंदतं ते मुख्यतः या सुजेमुळे, त्यामुळे कितीही शिंकरलं तरी मोकळं होत नाही. वाहिन्यांतून पाणी पाझरतं, नाक गळतं. याच पेशी सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप सोडतात. ते रक्तातून मेंदूपर्यंत पोचले की मेंदूतलं तापमानाचं बटण वरच्या आकड्यावर सरकतं. शरीर ३७ ला असतं आणि मेंदू म्हणतो ३९ हवं. मग ती उणीव भरून काढण्यासाठी स्नायू थरथरतात. हीच ती हुडहुडी. ताप चढत असताना थंडी वाजते आणि उतरताना घाम फुटतो, ते या बटणाच्या वर-खाली होण्यानंच.

वाढलेल्या तापमानात अनेक विषाणूंची वाढ मंदावते आणि काही पांढऱ्या पेशी जास्त चपळ होतात. म्हणून थोडा ताप आला की लगेच औषधानं तो शून्यावर आणलाच पाहिजे असं नाही. माणूस अस्वस्थ असेल, लहान मूल पाणी पीत नसेल, तर पॅरासिटामॉल जरूर द्यावं, पण ते आरामासाठी. त्यानं विषाणू मरत नाही.

भूक मरते, झोप येते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, हेही सायटोकाइनचंच काम. शरीर म्हणत असतं, पडून राहा, सगळी शक्ती इकडे लागतेय. वेचणीची मजुरी किलोवर मिळणाऱ्या बाईला हे ऐकणं परवडत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता शेंबडाच्या रंगाविषयी, कारण यावरून सर्वाधिक चुकीची औषधं घेतली जातात. दोन-तीन दिवसांनी तो पांढऱ्याचा पिवळा, मग हिरवट होतो आणि लोक म्हणतात ‘इन्फेक्शन वाढलं, अँटिबायोटिक पाहिजे’. प्रत्यक्षात तो हिरवटपणा आपल्याच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींतला. त्यांच्यात लोह असलेलं एक हिरवट एन्झाइम असतं. लढून मेलेल्या पेशी शेंबडात आल्या की रंग बदलतो. साध्या सर्दीतही हे होतं. केवळ रंगावरून जिवाणूंचा संसर्ग झाला असं म्हणता येत नाही.

पाचव्या दिवशी काय होतं?

आतापर्यंत सांगितली ती शरीराची जन्मजात फौज. ती झटपट येते, पण समोर कोणता विषाणू आहे याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. दुसरी फौज उशिरा येते, पण नेमकी येते.

नाकातल्या काही पेशी विषाणूचे तुकडे उचलून जवळच्या लसिका ग्रंथींकडे निघतात. सर्दीत जबड्याखाली, मानेला गाठी लागतात त्या याच. तिथे हजारो वेगवेगळ्या टी आणि बी पेशी असतात आणि प्रत्येकीला एकच आकार ओळखता येतो. आलेल्या तुकड्याशी जिचं जुळतं ती पेशी भराभर दुप्पट होत जाते. या निवडीला आणि वाढीला वेळ लागतो. साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत टी पेशी मोठ्या संख्येनं श्वसनमार्गात पोचून बाधित पेशी नष्ट करू लागतात. बी पेशींनी बनवलेली प्रतिपिंडंही त्याच सुमारास वाढतात आणि मोकळ्या विषाणूंना चिकटून त्यांना निकामी करतात.

‘औषध घेतलं तर सर्दी सात दिवसांत बरी होते, नाही घेतलं तर आठवड्यात’ हा जुना विनोद आहे. त्यामागचं शास्त्र हे इतकंच.

आता या कॅलेंडरवर सुई ठेवून बघा. माणूस पहिले दोन दिवस अंगावर काढतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दवाखान्यात जातो. तेव्हा लक्षणं शिखरावर असतात. सुई मिळते, सोबत पाच दिवसांची अँटिबायोटिकची पट्टी. पुढच्या दोन दिवसांत आराम पडतो. श्रेय जातं सुईला, काम केलेलं असतं टी पेशींनी. पुढच्या सर्दीला तो माणूस सुईच मागतो, आणि डॉक्टरनं दिली नाही तर डॉक्टर बदलतो. हा दोष एकट्या रुग्णाचा किंवा एकट्या डॉक्टरचा म्हणता येणार नाही. ज्याची रोजी बुडते आहे त्याला ‘पडून राहा’ हे औषध वाटत नाही.

पण त्याची किंमत आहे. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. विनाकारण घेतलं की शरीरातले जिवाणू त्याला सरावतात आणि खरा न्यूमोनिया होतो तेव्हा तेच औषध फसतं. मार्च २०२३ मध्ये देशभर एच३एन२ फ्लूची साथ होती. तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनला आपल्याच डॉक्टरांना जाहीर आवाहन करावं लागलं, की सर्दी-खोकला-तापासाठी सरसकट अँटिबायोटिक देऊ नका.

काही ‘जादूच्या सुयां’मध्ये स्टेरॉइड असतं. त्यानं ताप आणि अंगदुखी खरोखरच काही तासांत पळते, कारण स्टेरॉइड शरीराची कारवाईच दाबतं. लक्षणं गेली, पण विषाणू तिथेच आहे आणि त्याच्याशी लढणारी फौज मात्र मागे घेतलेली. काही गंभीर आजारांत स्टेरॉइड जीव वाचवतं, ते रुग्णालयात, देखरेखीखाली. साध्या फ्लूत ते घेणं धोक्याचं. सुई घेताना ती कसली आहे हे विचारण्याचा आणि चिठ्ठीवर नाव लिहून मागण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

सर्दीच्या औषधानंच जीव गेले तेव्हा

ऑक्टोबर २०२५ मधली घटना विदर्भ विसरणं कठीण आहे. नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात लहान मुलांच्या लघवीचं प्रमाण अचानक बंद होऊ लागलं, मूत्रपिंडं निकामी झाली. अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं गेलं. वीसहून अधिक मुलं दगावली. त्यांना साध्या सर्दी-खोकल्यासाठी ‘कोल्ड्रिफ’ नावाचं सिरप दिलं गेलं होतं. तमिळनाडूत बनलेल्या या सिरपच्या तपासणीत डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन तब्बल ४८.६ टक्के आढळलं.

भेसळ हा गुन्हा, तो वेगळा. पण डॉक्टरांना हादरवणारी दुसरी गोष्ट ही होती, की त्या वयाच्या मुलांना शुद्ध सिरपचीही गरज सहसा नसते. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं त्याच वेळी सूचना काढून सांगितलं, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे शिफारस केलेली नाहीत. लहान मुलांचा खोकला बहुतेक वेळा आपोआप थांबतो. तोवर पाणी, आईचं दूध, आराम आणि एक वर्षावरच्या मुलांना चमचाभर मध. मधानं रात्रीचा खोकला थोडा कमी होतो याला अभ्यासांचा आधार आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध अजिबात नाही.

एकदा झाली तर पुन्हा का होते?

गोवर एकदा झाला की सहसा आयुष्यात पुन्हा होत नाही. कारण लढाई संपल्यावर काही टी आणि बी पेशी ‘आठवण’ म्हणून मागे राहतात. तोच शत्रू परत आला की आठवडा न घालवता त्या दोन-तीन दिवसांत कामाला लागतात. सर्दीतही अशी आठवण तयार होते, पण ती त्या एका प्रकारापुरती. ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार रांगेत उभे असतील, तर एक ओळखून काय होणार? लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होते आणि आजोबांना एखाद-दुसऱ्या वेळी, ते यामुळेच. मुलाची प्रतिकारशक्ती ‘कमी’ नसते. त्याची वही अजून कोरी असते.

फ्लूची चाल निराळी. त्याच्या पृष्ठभागावर दोन प्रथिनं असतात, एच आणि एन. एच१एन१, एच३एन२ ही नावं त्यांच्यावरूनच. विषाणू प्रत्येक छपाईत चुका करतो आणि त्या चुकांमुळे ही प्रथिनं वर्षागणिक थोडी थोडी बदलतात. गेल्या वर्षीच्या प्रतिपिंडांना तो ओळखू येतो, पण अर्धवट. कधी कधी त्याहून मोठं काही होतं. फ्लूचे जनुक आठ सुट्या तुकड्यांत असतात. माणसाचा आणि पक्ष्याचा किंवा डुकराचा फ्लू एकाच प्राण्याच्या पेशीत भेटला, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन कुणाच्याच ओळखीचा नसलेला विषाणू तयार होऊ शकतो.

प्रतिकारशक्तीकडे आठवणच नसेल तर काय होतं, हे १९१८ मध्ये दिसलं. जूनमध्ये मुंबईत फ्लूची पहिली, तुलनेनं सौम्य लाट आली. सप्टेंबरमध्ये दुसरी आली ती भीषण. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. तिथून साथ रेल्वेच्या रुळांवरून देशभर गेली. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचा वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, आणि हा प्रांत देशात सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी एक. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला. पोटात अन्न नाही आणि अंगात ताप. भारतातल्या बळींचा अंदाज वेगवेगळे अभ्यासक सव्वा कोटी ते दोन कोटींच्या आसपास देतात. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. भारताच्या जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच घडलं, आणि त्यात या साथीचा मोठा वाटा होता.

त्या साथीत वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं मोठ्या प्रमाणात गेली. सहसा फ्लू लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना नेतो. हे उलट का झालं? एक अंदाज असा, की ज्येष्ठांनी बालपणी तशा फ्लूशी सामना केला होता, तरुणांनी वेगळ्या प्रकाराशी, त्यामुळे तरुणांची आठवण कामी आली नाही. दुसरं कारण प्रतिकारशक्तीचा अतिरेक. शास्त्रज्ञांनी १९१८ चा विषाणू पुन्हा तयार करून माकडांवर प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. माकडांच्या शरीराची कारवाई थांबतच नव्हती आणि सूज फुफ्फुसांचीच नासधूस करत होती. तिसरं, आणि आज सर्वांत भक्कम मानलं जाणारं कारण म्हणजे फ्लूनं सोलवटलेल्या फुफ्फुसांत जिवाणू शिरले. बहुतेक मृत्यू अशा न्यूमोनियानं झाले असं जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या तपासणीत आढळलं. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतीच.

भारतातल्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. इथे पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त दगावल्या. घरातले आजारी सांभाळायचे त्यांनी आणि जेवायचं सगळ्यात शेवटी, तेही त्यांनी.

२००९ च्या ‘स्वाइन फ्लू’त आठवणीचा खेळ पुन्हा दिसला. देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला आणि महाराष्ट्र मास्क घालून फिरू लागला. पण जगभर असं दिसलं, की १९५७ पूर्वी जन्मलेल्या अनेकांना त्याचा संसर्ग कमी होतोय. त्यांनी बालपणी एच१एन१ चा जुना अवतार पाहिलेला होता. पन्नास वर्षांपूर्वीची आठवण कामाला आली.

मग हळद आणि संत्री?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. ‘इम्युनिटी वाढवणे’ हा शब्दच फसवा आहे. वर बघितलंत तसं, ताप, सूज आणि अंगदुखी हीच तर इम्युनिटी. ती खरोखर कुणी दुप्पट केली तर माणूस दुप्पट आजारी पडेल. शरीराला हवी असते ती वेळेवर सुरू होणारी आणि वेळेवर थांबणारी यंत्रणा.

वायगावच्या हळदीत कर्क्युमिनचं प्रमाण इतर अनेक वाणांपेक्षा जास्त असतं, ही तिची ख्याती खरी आहे. प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत कर्क्युमिन सूज कमी करताना दिसतं. अडचण पोटात आहे. आतड्यातून ते फारच थोडं शोषलं जातं आणि जे जातं ते यकृत झटपट बाहेर टाकतं. मिरपूड आणि तूप घातलं तर शोषण थोडं सुधारतं. पण दुधातल्या अर्ध्या चमच्यानं सर्दी लवकर बरी होते, असं सिद्ध करणारे चांगले अभ्यास नाहीत. गरम दुधानं घशाला बरं वाटतं, झोप लागते. तेवढ्यासाठी जरूर घ्या. महागड्या ‘इम्युनिटी कॅप्सूल’पेक्षा ते कधीही बरं.

संत्र्यानं सर्दी होते याला आधार नाही. आंबट फळानं सुजलेला घसा थोडा चुरचुरतो, त्यावरून तो समज आला असावा. पण संत्र्यानं सर्दी टळते हेही खरं नाही. क जीवनसत्त्वावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो, की सर्वसामान्य माणसांनी ते रोज घेतलं तरी सर्दी होण्याची शक्यता कमी होत नाही. झालेली सर्दी मोठ्यांमध्ये साधारण ८ टक्क्यांनी लवकर संपते, म्हणजे आठवड्यात सुमारे अर्धा दिवस. सर्दी झाल्यावर गोळ्या सुरू केल्या तर तेवढाही भरवशाचा फायदा दिसत नाही. अतिश्रमाची कामं करणाऱ्यांमध्ये, कडाक्याच्या थंडीत सराव करणाऱ्या सैनिकांमध्ये आणि मॅरेथॉनपटूंमध्ये मात्र सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. या अभ्यासांत रोजची मात्रा किमान २०० मिलिग्रॅम होती. एका संत्र्यात ५० ते ७० मिलिग्रॅम असतं. कारंज्याचा संत्रा खावा तो चवीसाठी, पोटासाठी आणि तिथल्या शेतकऱ्यासाठी.

ज्या गोष्टीचा पुरावा ठणठणीत आहे, तिचा मेसेज कुणी फॉरवर्ड करत नाही. ती म्हणजे झोप. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १६४ निरोगी स्वयंसेवकांच्या झोपेची आठवडाभर नोंद ठेवली आणि मग त्यांच्या नाकात ऱ्हायनोव्हायरसचे थेंब सोडले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. आता शेतीपंपाची वीज रात्री येते म्हणून गहू-चण्याच्या ओलितासाठी गारठ्यात जागणाऱ्या शेतकऱ्याला ही झोप कुठून आणायची, याचं उत्तर हळदीच्या डब्यात नाही.

लशीचं काय?

फ्लूची लस म्हणजे आजार न होता तयार करून घेतलेली आठवण. टोचल्यावर प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. विषाणू बदलत राहतो म्हणून लशीचा फॉर्म्युला दर वर्षी बदलतो आणि ती दर वर्षी घ्यावी लागते. ती शंभर टक्के अडवत नाही, पण गंभीर आजार आणि रुग्णालयात भरती होण्याची शक्यता कमी करते. गरोदर महिला, वयस्कर माणसं, मधुमेह, दमा, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे आजार असलेले आणि आरोग्य कर्मचारी यांना ती प्राधान्यानं सुचवली जाते. राज्य सरकारनं जोखमीच्या गटांसाठी मोफत लसीकरणही राबवलं आहे, त्यामुळे आधी सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. पावसाळ्यातली लाट लक्षात घेतली तर पाऊस सुरू होण्याआधी घेतलेली बरी. साध्या सर्दीवर लस नाही, कारण तेच, दीडशेहून जास्त प्रकार.

फ्लूवर औषधही आहे. ओसेल्टामिविर विषाणूला एका पेशीतून सुटून दुसरीकडे जाऊ देत नाही. पण ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं, आणि ते जोखमीच्या रुग्णांसाठी, डॉक्टरांच्या सल्ल्यानंच.

घरी कधी थांबायचं नाही?

बहुतेक सर्दी-फ्लू घरीच बरे होतात. पण धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं यापैकी काहीही दिसलं तर थांबू नये. आणखी एक फसवी खूण आहे. ताप उतरतो, दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा जोरात ताप व खोकला येतो. १९१८ मध्ये जे जिवाणू फ्लूच्या मागून शिरले, त्यांचीच ही चाल असू शकते. इथे मात्र अँटिबायोटिक लागतं, आणि लवकर लागतं. वर्ध्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन मोठी शिक्षण रुग्णालयं आहेत, पण आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठलं तरी चालेल.

लहान मुलांत न्यूमोनिया ओळखायला यंत्र लागत नाही, हे विदर्भानंच जगाला दाखवलं. डॉ. राणी बंग आणि वर्ध्यात जन्मलेले डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि सुईणींना मुलांचे श्वास मोजायला शिकवलं. श्वास जलद असतील तर स्वस्तातलं एक अँटिबायोटिक द्यायचं. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात, ज्या गावांत हे केलं तिथे न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी होते.

पद्धत आजही तीच आहे. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, सदरा वर करून पोटाकडे बघायचं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्षात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.